ढोलाची विद्या, पायांची साधना

१ ऑगस्ट १९९१ या दिवशी अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये, सिनेटच्या वार्धक्यविषयक विशेष समितीची एक बैठक भरली होती. विषय होता संगीत आणि वार्धक्य. साक्ष देण्यासाठी आलेल्यांत विख्यात मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. ऑलिव्हर सॅक्स होते. त्यांचे तेथे असणे स्वाभाविकच होते. पण साक्षीदारांत एक ढोलवादकही होता. ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक वाद्यवृंदात ताल धरणारे मिकी हार्ट त्या दिवशी लोकप्रतिनिधींना सांगत होते, की वृद्धांना एकत्र बसवून ढोल वाजवू द्यावा. वर्तुळात बसले की कोणी पहिला नसतो, कोणी शेवटचा नसतो. सर्व वयांची माणसे एका लयीत येतात आणि एकटेपणाची धार बोथट होते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

एका रॉक वादकाला हे कोठून सुचले असेल? वर्तुळ करून ढोल वाजवण्याची, वादकाने नर्तकाकडे आणि नर्तकाने वादकाकडे पाहत राहण्याची ही रीत पश्चिम आफ्रिकेच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. ती अमेरिकेत रुजवण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांतील एक अग्रणी म्हणजे हार्ट यांचे ज्येष्ठ सहकारी बाबाटुंडे ओलाटुंजी.

वाचकहो, या लेखात आपण त्यांच्या आणि त्यांच्यासारख्याच आणखी एका कलावतीच्या वाटेने थोडे चालणार आहोत. त्याला दोन कारणे आहेत. आपल्या घरातील एखादे तरुण मूल अशी अनवट विद्या चरितार्थासाठी निवडू पाहत असेल, तर त्या वाटेवर काय लाभते आणि काय गमवावे लागते, हे आपल्याला ठाऊक असावे. आणि दुसरे, या विद्येतला थोडासा अंश साठीनंतर, सत्तरीनंतरही आपल्या हातापायांना लाभू शकतो. मात्र तो कसा घ्यावा, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

राजदूत व्हायला निघालेला तरुण

नायजेरियाच्या किनाऱ्यावर, लागोस प्रांतातील बडाग्री गावाजवळ अजिदो नावाची मच्छीमारांची वस्ती आहे. ७ एप्रिल १९२७ रोजी ओलाटुंजी यांचा जन्म तेथे झाला. वडील मासेमारी करीत, आई मातीची भांडी घडवीत असे. मूल जन्माला येण्यापूर्वीच वडील वारले होते. म्हणून मुलाचे नाव ठेवले ‘बाबाटुंडे’, म्हणजे ‘वडील परत आले’. आपल्याकडेही नातवाच्या रूपाने आजोबा परत आले, असे म्हणतातच. त्यामुळे या नावातली माया आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको.

गावात जन्म, लग्न, सण, मृत्यू, सारे काही ढोलाच्या सोबतीने होई. पण बाबाटुंडे यांनी ढोल हा व्यवसाय म्हणून निवडला नव्हता. त्यांना परराष्ट्रसेवेत जायचे होते. एका मासिकात त्यांनी रोटरी प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीविषयी वाचले, अर्ज केला आणि १९५० मध्ये ते अमेरिकेत अटलांटा येथील मोरहाऊस महाविद्यालयात दाखल झाले. पदवीनंतर लोकप्रशासनाच्या पुढील अभ्यासासाठी ते न्यूयॉर्कला गेले. शिक्षणाचा खर्च भागावा म्हणून त्यांनी एक छोटासा तालवाद्यमेळ उभा केला. पोट भरण्यासाठी धरलेली ती जोड पुढे आयुष्याचा मूळ प्रवाह ठरली.

१९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या भव्य रंगमंचावर त्यांचे वादन झाले. १९६० मध्ये ‘ड्रम्स ऑफ पॅशन’ ही त्यांची ध्वनिमुद्रिका आली. आफ्रिकी ढोल आणि गाणी यांची ती मुद्रिका अमेरिकेतल्या घराघरांत पोहोचली. तीतील एक गीत पुढे सांताना या वाद्यवृंदाने १९६९ मध्ये आपल्या पद्धतीने गायले. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी ओलाटुंजी यांच्या नावाने एक रचना बांधली. ओलाटुंजी यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात आफ्रिकी संस्कृतीचे केंद्र उभारले, त्यालाही कोल्ट्रेन यांचे साहाय्य होते. २३ एप्रिल १९६७ रोजी कोल्ट्रेन याच केंद्रात वाजवले आणि तीनच महिन्यांत यकृताच्या कर्करोगाने गेले.

रंगमंचावरील कीर्ती येते तशी ओसरतेही. ओलाटुंजी यांना शेवटपर्यंत तारले ते शिकवण्याने. शाळा, सांस्कृतिक केंद्रे, उन्हाळी शिबिरे, कॅलिफोर्नियातील एसालेन आणि न्यूयॉर्क राज्यातील ओमेगा या संस्थांतील वर्ग, असे ते अनेक दशके शिकवत राहिले. त्यांच्या वर्गात पंचविशीतला विद्यार्थी आणि सत्तरीतली आजी शेजारी शेजारी बसत.

ढोलाचे बोल

ज्यांना कधीच वाद्य हाती धरता आले नाही, त्यांना तास दोन तासांत वाजते करायचे कसे? ओलाटुंजी यांनी त्यासाठी सहा अक्षरे योजली: गुन, दुन, गो, दो, पा, ता. पुडीच्या मध्यावर तळहात पडला की खोल नाद येतो. उजव्या हाताने ‘गुन’, डाव्याने ‘दुन’. कडेजवळ जुळलेली बोटे पडली की मोकळा सूर येतो. ‘गो’ आणि ‘दो’. कडेवरच सैल बोटांनी चापट मारली की कडक, उंच नाद उमटतो. ‘पा’ आणि ‘ता’. आधी तोंडाने म्हणायचे, मग हाताने वाजवायचे.

तबल्याचे बोल कानावर पडत वाढलेल्या आपल्या पिढीला यात नवल वाटणार नाही. जे मुखात बसले ते हातात उतरते, हे आपल्या गुरुजनांनी फार पूर्वीच ओळखले होते. या दोन परंपरांची प्रत्यक्ष भेटही झाली. १९९१ मध्ये मिकी हार्ट यांच्या ‘प्लॅनेट ड्रम’ या ध्वनिमुद्रिकेत ओलाटुंजी, घटमवादक विक्कू विनायकराम आणि आपल्या मुंबईत जन्मलेले उस्ताद झाकीर हुसेन एकत्र वाजवले. जागतिक संगीतासाठीचा पहिला ग्रॅमी पुरस्कार त्या मुद्रिकेला मिळाला.

प्रयोगशाळेचे दार बंद झालेली कन्या

दुसरी कहाणी पर्ल प्रायमस यांची. त्रिनिदादमध्ये १९१९ साली जन्मलेली ही मुलगी लहानपणीच आईवडिलांबरोबर न्यूयॉर्कला आली. तिला वैद्यकीय संशोधन करायचे होते. १९४० मध्ये तिने हंटर महाविद्यालयातून जीवशास्त्राची पदवी घेतली. पण कृष्णवर्णीय तरुणीला प्रयोगशाळेत काम द्यायला त्या काळी कोणी तयार नव्हते. सरकारी रोजगार योजनेत मिळेल ते काम करताना ती एका नृत्यपथकात बदली नर्तकी म्हणून उभी राहिली आणि तेथेच तिला आपली वाट सापडली. तिची हवेतली उडी पाहणारे थक्क होत.

प्रायमस केवळ नाचून थांबल्या नाहीत. १९४८ मध्ये मिळालेल्या रोझेनवाल्ड शिष्यवृत्तीच्या बळावर त्या पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत हिंडल्या. गावागावांत राहून, तेथील स्त्रीपुरुषांच्या पावलाशी पाऊल जुळवून त्यांनी नृत्ये शिकून घेतली. नायजेरियात त्यांना ‘ओमोवाले’ हे नाव मिळाले. अर्थ असा, की ‘लेकरू घरी परतले’. लायबेरियातील ‘फांगा’ हे स्वागतनृत्य त्यांनी अमेरिकेतल्या रंगमंचावर आणि शाळांत नेले. पती पर्सिव्हल बोर्ड यांच्यासह त्यांनी नृत्यशाळा चालवली, १९७८ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, पुढे महाविद्यालयांत अध्यापन केले. १९९१ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय कलापदक प्रदान झाले. डॉक्टरेट मिळाली तेव्हा त्या साठीच्या उंबरठ्यावर होत्या, ही गोष्ट आपल्यासारख्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी.

ही वाट धरू पाहणाऱ्यांसाठी

आज एखाद्या तरुणाने किंवा तरुणीने हा मार्ग निवडायचा ठरवला, तर घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो पोटापाण्याचा. तो प्रश्न योग्यच आहे. त्याचे उत्तर या कलेतल्या अनुभवी मंडळींच्या आयुष्यात आढळते.

या क्षेत्रात उत्पन्नाचा ओढा एका झऱ्यावर चालत नाही. रंगमंचावरील कार्यक्रम, नियमित वर्ग, शाळांतील कार्यशाळा, नृत्यवर्गासाठी प्रत्यक्ष वादन, विद्यापीठातील अध्यापन आणि अलीकडे ज्येष्ठांच्या निवासांत किंवा दिवसभराच्या केंद्रांत घेतली जाणारी सत्रे, असे अनेक झरे मिळून संसार चालतो. कार्यक्रमाचे मानधन मोठे दिसते, पण ते हंगामी असते. दर आठवड्याचा वर्ग लहान दिसतो, पण घरभाडे त्यावरच निघते.

दुसरी गोष्ट विद्येच्या खोलीची. ‘आफ्रिकी ढोल’ असे एकच वाद्य नाही, तसे ‘आफ्रिकी नृत्य’ असे एकच नृत्य नाही. गिनी आणि माली या देशांतील मांदे लोकांचा जेंबे हा एकसंध लाकडातून कोरलेला, शेळीच्या कातड्याने मढवलेला, हातांनी वाजवायचा ढोल. त्याच्या सोबतीला दुनदुनबा, संगबान आणि केनकेनी हे तीन दुतोंडी ढोल काठीने वाजतात. घानाच्या एवे लोकांचा मेळ निराळा. त्यात गानकोगुई नावाची लोखंडी जोडघंटा तालाचा कणा धरते, आणि तिच्याभोवती लहानमोठे ढोल आपापले बोल विणत जातात. ज्याला शिकवायचे आहे, त्याने एक परंपरा निवडून, तिच्या माणसांत राहून ती मुळापासून शिकावी लागते. कोणता ताल कापणीचा, कोणता लग्नाचा, कोणता शोकाचा, हे न कळता वाजवणारा केवळ आवाज करतो.

तिसरी गोष्ट अशी, की वादक आणि नर्तक यांचे शिक्षण येथे विभक्त नसते. मुख्य ढोलवादक एक ठरलेला इशारा वाजवतो आणि त्या इशाऱ्यावर सारे नर्तक पाऊल बदलतात. नर्तकाला इशारा ऐकू यावा लागतो, वादकाला नर्तकाचा दम दिसावा लागतो. म्हणून उत्तम ढोलवादक नाचतो आणि उत्तम नर्तक ढोल जाणतो.

या विद्येला संस्थांचे बळ मिळाल्यावर तिच्यावर जगणाऱ्यांची संख्या वाढली. घानामध्ये लेगोन येथील विद्यापीठात संगीतज्ञ क्वाबेना न्केतिया आणि नृत्यदिग्दर्शक मावेरे ओपोकू यांच्या पुढाकाराने १९६२ मध्ये राष्ट्रीय नृत्यपथक उभे राहिले. घानाचे अब्राहम अद्झेन्या यांनी अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात १९६९ पासून चार दशकांहून अधिक काळ ढोल शिकवला. गिनीचे मामाडी केइता बालवयातच पथकासाठी निवडले गेले, तरुणपणी जगभर वाजवत फिरले, आणि १९९१ मध्ये त्यांनी ब्रुसेल्स येथे स्वतःची शाळा काढली. २०२१ मध्ये ते निवर्तले तेव्हा त्यांचे शिष्य अनेक देशांत शिकवीत होते.

हा धागा आपल्या भूमीपर्यंतही पोहोचतो. आफ्रिकेतून शतकांपूर्वी आलेल्या सिद्दी समाजाची वस्ती गुजरात आणि कर्नाटकात आहे. आपल्या मुरूडच्या जंजिऱ्यावर तर सिद्दींचीच सत्ता होती. भरूचजवळच्या रतनपूर येथील बाबा गोर यांच्या दर्ग्यात गुजरातचे सिद्दी आजही ‘गोमा’ नाचतात. स्वाहिली भाषेत ‘न्गोमा’ म्हणजे ढोल आणि नृत्यही. एकाच शब्दात दोन्ही मावतात, कारण तेथे ती वेगळी मानलेलीच नाहीत. सिद्दी कलावंतांनी ही भक्तिपरंपरा परदेशांतील रंगमंचांपर्यंत नेली आहे.

कीर्तीआड लपलेला आजार

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येऊ.

पर्ल प्रायमस २९ ऑक्टोबर १९९४ रोजी निवर्तल्या. बाबाटुंडे ओलाटुंजी आपल्या ७६व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ६ एप्रिल २००३ रोजी गेले. दोघांच्याही मृत्यूमागे एकच आजार होता: मधुमेह.

ज्यांचे अवघे आयुष्य शारीरिक श्रमात गेले, घाम गाळणे हाच ज्यांचा उद्योग होता, त्यांनाही मधुमेहाने गाठले. व्यायामाने रक्तातील साखर आटोक्यात राहण्यास मदत होते, यात शंका नाही. पण आनुवंशिकता, आहार, झोप आणि वय यांचा हिशेब व्यायामाने पुसला जात नाही. ‘मी रोज इतका चालतो, मला कशाला तपासणी?’ असे म्हणणारे आजोबा आपल्या प्रत्येकाच्या परिचयात असतील. त्यांना ही दोन आयुष्ये जरूर सांगावीत.

फिरत्या कलावंताच्या जीवनक्रमात धोके अनेक असतात. जेवणाच्या वेळा ठरलेल्या नसतात, रात्री उशिरा कार्यक्रम, सततचा प्रवास, मालकाने उतरवलेला आरोग्यविमा नाही, निवृत्तिवेतन नाही. आजारी पडले की त्या दिवसाचे मानधन गेले, म्हणून दुखणे अंगावर काढण्याची सवय जडते. आपले मूल या वाटेने निघाले असेल, तर त्याला विरोध करण्यात शक्ती खर्च करण्यापेक्षा तीन गोष्टी त्याच्याकडून वदवून घ्याव्यात: पहिल्या कमाईपासून आरोग्यविमा, नियमित बचत आणि वर्षातून एकदा रक्तदाब, रक्तशर्करा व श्रवणशक्ती यांची तपासणी.

श्रवणशक्तीचा उल्लेख सहेतुक आहे. बंद खोलीत दहा-बारा जेंबे एकत्र वाजू लागले की आवाज कानांना इजा करण्याइतका चढतो, आणि आवाजामुळे गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. व्यावसायिकाने कानात बोळे घालणे म्हणजे कलेचा अपमान नव्हे. मनगटाच्या स्नायुबंधांना सूज, खांदेदुखी, पाठदुखी हे नेहमीचे विकार. तासन्‌तास हातांनी वाजवल्यानंतर काही वादकांना गडद रंगाची लघवी होते. तळहातावरील सततच्या आघातांनी तांबड्या रक्तपेशी फुटतात, म्हणून असे घडते. असे झाल्यास वादन थांबवून डॉक्टरांना दाखवावे. कच्च्या, बाहेरून आणलेल्या कातड्यावर काम करणाऱ्या ढोल बनवणाऱ्यांत अँथ्रॅक्सचे तुरळक रुग्ण आढळले आहेत. तेव्हा प्रक्रिया केलेले कातडे किंवा कृत्रिम पुडी असलेला ढोल घेणे शहाणपणाचे.

उतारवयात तालाचा लाभ

‘आमचे वय आता नाचण्याचे का?’ असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. एवे लोकांचे ‘अगबाद्झा’ हे नृत्य त्याचे उत्तर देते. एका जुन्या युद्धनृत्यातून उगवलेले हे नृत्य आज मध्यम, संथ लयीत नाचले जाते. गुडघे किंचित वाकलेले, कोपरे शरीराजवळ, खांद्यांच्या पात्यांची मागेपुढे होणारी डुलती हालचाल. आनंदाच्या प्रसंगी आणि अंत्यविधीतही लहानथोर सारे ते नाचतात. म्हाताऱ्यांनी बाजूला बसून पाहायचे, अशी तेथे रीत नाही.

वैद्यकशास्त्र याविषयी काय सांगते? न्यूयॉर्कमध्ये ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींचा सुमारे पाच वर्षे मागोवा घेतलेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरील खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत वारंवार रमणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. अर्थात, ज्यांची स्मृती मुळातच शाबूत आहे तेच अशा गोष्टी चालू ठेवतात, असेही असू शकते. म्हणून याला औषध समजू नये. पार्किन्सनच्या रुग्णांबाबत मात्र एक गोष्ट चांगली प्रस्थापित आहे. कानावर ठाम, एकसारखा ठेका पडत राहिला, तर अनेकांचे अडखळणारे पाऊल मोकळे होते, पावलांतील अंतर आणि चालण्याचा वेग सुधारतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. ठेक्यावर उजवे-डावे पाऊल टाकणे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणे, हात मागेपुढे नेणे यांत या दोन्ही गोष्टी साधू शकतात. शिवाय, इशारा ऐकून पाऊल बदलायचे असल्याने लक्षही जागे राहते.

घरच्या घरी पंधरा मिनिटे

यासाठी जेंबे विकत आणण्याची गरज नाही. हात नसलेल्या भक्कम खुर्चीवर, दोन्ही पावले जमिनीला टेकतील असे बसावे. मांडीवर घट्ट उशी किंवा समोर स्टुलावर पालथा डबा घ्यावा. अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवाव्यात.

पहिली तीन मिनिटे केवळ मनगटे, खांदे आणि मान हलकी फिरवावी. पुढची पाच मिनिटे तोंडाने ‘गुन, गो, गो, पा’ म्हणत तेच सावकाश हातांनी वाजवावे. उजवा आणि डावा हात आळीपाळीने. मग शुश्रूषा करणाऱ्याने समोर बसून एक लहानसा ठेका द्यावा आणि ज्येष्ठांनी तो परत करावा. थोड्या वेळाने भूमिका बदलाव्यात. शेवटी, जमत असेल त्यांनी खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहून ठेक्यावर पावले बदलावीत. बोलता येते पण गाता येत नाही, इतपतच धाप लागलेली असावी. त्याहून अधिक लागली तर बसावे.

काही पथ्ये सांभाळावीत.

मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल, तर अनवाणी नाचू नये. ही नृत्ये पुष्कळदा अनवाणी केली जातात, पण आपण मऊ, मापाचे, न घसरणारे बूट घालावेत आणि नंतर तळवे नीट पाहावेत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी साखर तपासावी आणि जवळ ग्लुकोज ठेवावे.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनी जोराने वाजवू नये. हातावर काळेनिळे डाग पडू शकतात. हाडे ठिसूळ झाली असतील तर उड्या, कंबरेतून खोल वाकणे आणि झटक्याने वळणे टाळावे. रक्तदाबाच्या गोळ्यांनी उठताना चक्कर येत असेल तर सारे काही बसूनच करावे. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि हृदयरुग्णांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. पार्किन्सनच्या रुग्णाशेजारी उभे राहायला नेहमी कोणीतरी असावे.

हाताच्या अंतरावर बसलेल्या व्यक्तीचे बोलणे ऐकू येईनासे झाले, तर आवाज फार झाला असे समजावे.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीबरोबर बसताना ठेका चुकला म्हणून सुधारू नये. तिने जो ठेका दिला, तोच आपण उचलावा. नाव आठवत नाही, नाते आठवत नाही, अशा माणसाच्या हातालाही समोरून आलेल्या दोन ठोक्यांना दोन ठोक्यांचे उत्तर द्यावेसे वाटते. कपाळावर आठी पडली, नजर भिरभिरू लागली, की थांबावे.

आणि शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एक शब्द. औषधे, पथ्य, स्नान, झोप यांच्या धबडग्यात आपण आणि आपले रुग्ण यांच्यात देणाऱ्या-घेणाऱ्याचेच नाते उरते. या पंधरा मिनिटांत तुम्ही दोघेही केवळ वादक असता. ती पंधरा मिनिटे रुग्णाइतकीच तुमचीही आहेत. त्यांना आणखी एक कर्तव्य समजू नका.

वर्तुळातील जागा

एकाचे नाव ‘वडील परत आले’, दुसरीचे ‘लेकरू घरी परतले’. दोघांनीही ठरवलेले करिअर वेगळेच होते. एकाला राजदूत व्हायचे होते, एकीला संशोधक. नियतीने ती दारे लावली, आणि त्यांनी ढोल व पावले यांच्यातून दुसरे दार उघडले. त्या दारातून हजारो माणसे आत आली. दोघांच्याही देहाने मात्र त्याची किंमत मोजली.

म्हणून, आपल्या घरातले एखादे मूल उद्या म्हणाले, की मला ढोल शिकवून जगायचे आहे, तर त्याला प्रथम विचारा: कोणाकडे शिकणार, किती वर्षे शिकणार, आणि आजारी पडलास तर काय करणार? त्याची उत्तरे नीट ऐका. ती समाधानकारक असतील, तर त्याच्या पहिल्या वर्गाचे पहिले विद्यार्थी आपणच व्हा. खुर्ची वर्तुळात ओढून घ्या, अंगठी काढून ठेवा, आणि गेल्या वेळी रक्तातील साखर कधी तपासली होती, ते त्यालाही सांगा, स्वतःलाही विचारा.